अध्यक्षाबाईंच्या मिशा

धसईजवळची आमची वाडी, ता. मुरबाड
म्हशाची जत्रा उठल्यानंतरचा मंगळवार

सौ. अनितावहिनींना धाकट्या नणंदेचा, म्हणजे शकूचा, वाकून नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? मी सांगितलेला निर्गुडीचा पाला बांधलात, की कपाटावर ठेवून वाळवलात? भातसानगरच्या कॉलनीत नळाला आता नीट पाणी येतं का? (धरणाच्या पायथ्याशी राहून तुम्ही बादल्या भरून ठेवता हे इथे कोणाला सांगितलं तर खोटं वाटतं. मुंबईला आधी आणि आपल्याला मग, असं आमचा अनंतादादाच सांगतो, आणि तो तर पाटबंधारे खात्यातच आहे.) आमच्याकडे सगळे बरे. भात झोडून घरात आलं, वालाला शेंगा धरल्यात. ह्यांचा, म्हणजे तुमच्या चंदरभावजींचा, खोकला गेला. राग मात्र आत्ता आत्ता उतरणीला लागलाय. तो चढला कसा हे सांगायलाच बसले आहे. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर मी मुद्द्याशी येईपर्यंत समोरच्याची भाजी करपते. कागदाला तशी घाई नसते.

आमचा बचत गट तुम्हाला माहीतच आहे. तांदळाचे पापड, नाचणीचे पापड, कुरडया आणि मेतकूट करतो. मी अध्यक्ष आहे. (कशी झाले ते विचारू नका. त्या दिवशी सभेला उशिरा पोचले.) यंदा म्हशाच्या जत्रेत आपलं दुकान लावायचं असं ठरलं. जत्रेत नुसतं ताडपत्रीखाली बसलं तर कोण ढुंकून बघतं, फ्लेक्स पाहिजे, असं आमच्या गुणाबाईंनी काढलं. गुणाबाई आमच्यात सगळ्यांत म्हाताऱ्या, आणि नवीन काही करायचं झालं की सगळ्यांच्या पुढे. म्हणून मी मुरबाडच्या भाविकला फोन केला. तो आपल्याकडचे सगळे फ्लेक्स करतो, वाढदिवसाचे आणि दहाव्याचेसुद्धा. त्याला म्हटलं, आमचे सगळ्यांचे फोटो पाहिजेत रे, काढायला कधी येऊ? तर म्हणाला, "मावशी, यायचं काय काम नाय. नावं नि नंबर पाठवा. फोटो मी डीपीवरनं उचलतो. सगळ्यांचे तसेच करतो."

त्याचं खोटं नव्हतं. नाक्यावरच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर जे पोरगे शुभेच्छुक म्हणून रांगेने चिकटवलेले असतात, ते सगळे असेच उचललेले. पुरुषांच्या डीपीवर पुरुष स्वतः असतो. गॉगल लावून असतो, कधी कधी तीन बाजूंनी असतो, पण असतो. बायकांच्या नावाशेजारच्या त्या गोलात काय असतं हा विचार भाविकने केला नाही. खरं तर तो आम्ही करायला हवा होता, पण आमच्यापैकीही कोणाला सुचलं नाही.

जत्रेच्या सकाळी टेम्पोतून माल उतरवला, बांबू रोवले आणि फ्लेक्सची गुंडाळी सोडली. वर गुलाबी अक्षरांत गटाचं नाव, ते चांगलं होतं. खाली मधोमध मोठ्या गोलात अध्यक्ष. नाव माझं, सौ. शकुंतला चंदर, आणि नावावर हे. काळा गॉगल, पिळलेल्या मिशा, मागे भाच्याची मोटरसायकल. (फोन घेतला तेव्हा ह्यांनीच आपला फोटो माझ्या फोनवर लावला होता. म्हणाले, नवऱ्याचा फोटो असला की कोण वाकडं बोलत नाय. ते खरं झालं. वाकडं कोणी बोललं नाही, फक्त गॅसवाला मला मेसेजमध्ये काका म्हणतो.) शेजारी सचिव सौ. रंजिता म्हणून लाल गुलाब, पाकळीवर पाण्याचे थेंब. खजिनदार बाईजा म्हणून त्यांचा नातू, पाळण्यात, अंगावर करगोट्याशिवाय काही नाही. पुढे सदस्यांत दोन गणपती, एक चहाचा कप त्यावर शुभ सकाळ, आणि लडकूच्या बायकोने कधी काही लावलंच नव्हतं म्हणून तिच्या नावावर ती करडी रिकामी बाहुली. गुणाबाईंच्या नावावर त्यांचा बैल, बांड्या. शिंगं रंगवलेली, कपाळाला गोंडा. एवढ्या मोठ्या फ्लेक्सवर नीट समोर बघणारा तोच एक.

रंजिताला रडू यायचं बाकी होतं. आमच्यात ती सगळ्यांत लहान, आणि तिने माहेरच्यांना फ्लेक्स बघायला मुद्दाम बोलावलं होतं. म्हणाली, उलटा लावूया. गुणाबाई म्हणाल्या, "उलटा कशाला गो? नाव तर आपलंच हाय ना? लाव." लावला.

पहिलं गिऱ्हाईक आलं ते पापडाला नव्हे. तुम्हाला ठाऊक आहे, म्हशाला बैलांचा बाजार केवढा भरतो, आणि आमची जागा त्याच वाटेवर. घाटावरचा एक व्यापारी फ्लेक्सपुढे कमरेवर हात ठेवून उभा राहिला. बराच वेळ बघून म्हणाला,

"हा बैल कुठं बांधलाय?"

"घरी हाय," गुणाबाई म्हणाल्या.

"बघायला कधी येऊ?"

"इकायचा नाय."

"मग फोटो कशाला लावला?"

"गटाचा सदस्य हाय तो."

व्यापाऱ्याने पुन्हा एकदा बैलाकडे बघितलं. मग त्याने धंद्याचं विचारलं, "दाताला कसा आहे?"

"माझ्यापरीस बरा," म्हणून गुणाबाईंनी आपलं बोळकं दाखवलं.

तो हसला, पापडाचा तुकडा चाखला आणि दोन पाकिटं घेऊन गेला. बैलबाजारात बातमी पोचवली ती त्यानेच. मग काय, ज्या गटात बैल सदस्य आहे तो गट बघायला माणसं यायला लागली. बघायला आलेला माणूस रिकाम्या हाताने कसा जाईल? दुपार कलायच्या आत मेतकूट संपलं, कुरडयांचा चुरा तेवढा उरला. वहिनी, आमचे पापड चांगले असतात हे मी मानते, पण त्या दिवशी ते बांड्याने विकले.

हे सगळं चांगलं चाललेलं असताना हे आले. पांढरा शर्ट घालून, मंगळू आणि रघू ह्या दोस्तांना बरोबर घेऊन, बायकोचं दुकान दाखवायला. (तेवढा अभिमान त्यांना आहे. तोंडाने सांगत नाहीत, शर्टावरून कळतं.) मंगळूने फ्लेक्स मोठ्याने वाचला, मग ह्यांच्याकडे बघितलं, मग पुन्हा फ्लेक्सकडे. आणि हात जोडून म्हणाला, "नमस्कार अध्यक्षाबाई. पापड खमंग झालेत हां." तिथून पुढे जत्राभर तेच. चहाच्या टपरीवर अध्यक्षाबाईंना साखर जास्त घाल, घोंगडीवाल्याकडे अध्यक्षाबाईंना थंडी वाजते. शेवटी ओळख ना पाळख अशी माणसंसुद्धा लांबून बोट दाखवायला लागली. म्हसोबाच्या रांगेतही कोणीतरी हटकलंच. तिथून हे तडक दुकानावर आले.

"शकू, आताच्या आता माझा फोटो काढ तुझ्या फोनवरनं."

"तुमीच लावलेलात."

"काढ म्हणतो ना!"

"मग तिथं लावू काय?"

"काय पण लाव. गणपती लाव."

"गणपती दोन झालेत."

ह्यावर ते पाय आपटत पाळण्यांकडे निघून गेले. गुणाबाई टोपली आवरता आवरता म्हणाल्या, "आपलं तोंड लाव की गो. देवानं दिलंय ना एक?"

मलाही ते पटलं. मी पोत्यावर बसले आणि फोनमध्ये माझा फोटो शोधायला लागले. वहिनी, सापडेना. अपेक्षाच्या लग्नाचे ढीगभर फोटो, आणि त्या लग्नात मी मुलीची आई होते, परकी नव्हे. एकात माझा हात आहे, त्यात आरतीचं ताट. एकात पाठ आहे, मी खाली सांडलेल्या अक्षता गोळा करते आहे. एकात तुमच्या खांद्यामागे माझा अर्धा कान, कुडीवरून ओळखला. डोळे मिटलेले तर किती. आणि उरलेल्या सगळ्यांत मी नाहीच, कारण ते मीच काढलेले. आधार कार्डावर तेवढी मी आख्खी आहे, पण तिथे कोणीतरी नुकतीच वाईट बातमी सांगितल्यासारखी. रडू वगैरे आलं नाही. पण घर रंगवताना एक भिंत राहून जावी आणि ती इतक्या वर्षांनी आपल्यालाच दिसावी, तसं वाटलं. मी फोन मांडीवर पालथा घातला.

रंजिताने ते बघितलं असणार. तिने फोन उचलला आणि म्हणाली, काकी, इकडं बघा. मी आपली पदर सावरून, ओठ मिटून, आधार कार्डासारखी बसले. तेवढ्यात तो घाटावरचा व्यापारी परत आला. सदस्याचा राजीनामा घेता येईल का, असं त्याने गुणाबाईंना विचारलं. गुणाबाई म्हणाल्या, "घेईन की, पण मग त्याच्या जागी तुमी उभं राहाल काय?" आणि मला जे हसू फुटलं ते आवरेना. त्याच वेळी रंजिताने बटण दाबलं. फोटोत केस सुटलेत, नाकावर पिठाचा पांढरा पट्टा आहे, आणि बाजूच्या पडलेल्या दाताची फट दिसते. तोच लावला. मग गुणाबाई म्हणाल्या, माझा पण काढ, आणि सगळ्यांची रांग लागली. शेवटी रंजिताचा मी काढला. आधी माझं बोटच आलं, दुसऱ्या खेपेला ती आली. छान आली हो पोरगी. गुलाबापेक्षा कितीतरी बरी.

घरी आल्यावर खरी जत्रा सुरू झाली. ह्यांनी फोन बघितला आणि म्हणाले, "माझा काढ म्हणालो. तुझा लाव नाय म्हणालो."

"मग कोणाचा लावू?"

"कोणाचाच नको. ती लडकूच्या बायकोची बाहुली हाय ना, ती ऱ्हाऊ दे."

मी "नाय" म्हणाले आणि भाकरी थापत राहिले. एवढंच. लग्न झाल्यापासून मी पुष्कळदा नको म्हटलंय, नंतर बघू म्हटलंय, तुम्ही म्हणाल तसं तर रोजच. नुसतं "नाय" बहुतेक पहिल्यांदाच. त्यांनीही मला असं कधी ऐकलेलं नव्हतं, त्यामुळे रागवायचं कसं हे त्यांना ठरवता येईना. जेवायचे, पण आमटीला नावं ठेवायचे नाहीत. आमटीला नावं न ठेवणारा नवरा म्हणजे काय, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

परवा आम्ही दोघं अंगणात वालाच्या शेंगा सोलत होतो. कल्याणहून धाकटे दीर शाम यांचा फोन आला. ह्यांचे हात भरलेले, म्हणून फोन पाटावर ठेवून आवाज मोठा केला होता. मी समोर बसलेय हे शामभावजींना काय माहीत.

"दादा, वयनीला सांग तो फोटो काढायला. आमच्या इथले सगळे बघतात."

"काय बघतात?"

"वयनीचं तोंड."

मी शेंगेकडे बघत राहिले. ह्यांनी एक शेंग सोलली, दाणे टोपलीत टाकले.

"मग? फोन तिचा, तोंड तिचं. माझं लावलं व्हतं तवा जत्रेत माझं काय झालं ते तुला म्हाईत नाय. ठेव आता."

आणि कोपराने फोन बंद केला. टोपली भरत आली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "नाकावरचं पीठ तरी पुसायचं व्हतंस." मी म्हटलं, तुम्ही तिथे होतात कुठे सांगायला, पाळण्यात बसला होतात. तर हसले. काल आमटीत मीठ कमी आहे म्हणाले. नव्हतं, पण मी चिमूटभर वाढलं.

असं झालं सगळं. थोडे पापड बाजूला काढून ठेवलेत, कोणी शहापूरकडे येणारं भेटलं की पाठवते. गुडघ्याला जपा, पोराबाळांना माझे आशीर्वाद.

तुमची
शकू

ता. क. : पत्र लिहायला बसले ते खरं तर ह्यासाठी नव्हे. आमचा अनंतादादा मला रोज सकाळी एकच मेसेज करतो, "फोटो काढ." पुढे मागे एक शब्द नाही, बहीण बरी आहे का हेही नाही. नवऱ्याला पटलं, दिराला गप्प बसवलं, आता भाऊ राहिला. मी त्याला काय उत्तर देणार? लहानपणी त्याच्या पाठीवर बसून शाळेत गेलेय. तेव्हा तुम्हीच त्याला समजवा. जेवण झाल्यावर सांगा, उपाशीपोटी सांगू नका.

ता. क. दुसरा : तुमचा फोन आला की माझ्याकडे भातसा धरण दिसतं, दारं उघडलेलं. दर वेळी छातीत धस्स होतं, वाटतं पाणी सोडलं. वहिनी, तुमचा एक फोटो पाठवा. तुम्ही एकट्या असलेला, आख्ख्या. शोधून सापडला नाही तर मनाला लावून घेऊ नका, मला कळवा.

ता. क. तिसरा, दादासाठी : पाकीट तू आधी फोडणार हे मला माहीत होतं, म्हणून वर तुझ्याविषयी कमीच लिहिलंय. आता वाचलंच आहेस, तर वहिनीला सांगायचा त्रास वाचला. पाकीट परत चिकटव, तिच्या हातात दे, आणि ती वाचत असताना तिचा फोटो काढ. बोट मध्ये येऊ देऊ नकोस.