पॅनवरची काच

आबा, हे सांगायला तुमच्याशिवाय दुसरं कुणी नाही, म्हणून लिहिते आहे. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली तरी माझा राग अजून गेलेला नाही, हेही आधीच सांगून टाकते.

तो दिवस अजून डोळ्यांसमोर आहे: मी बारावीला आहे. तुमचा डबा घेऊन साखर कारखान्याचा लोखंडी जिना चढून वर आले आहे. तुम्ही साखर शिजते त्या मोठ्या पॅनमधल्या उकळत्या पाकाचा थेंब काचेच्या पट्टीवर घेता, अंगठ्याने पसरता, खिडकीकडे धरता आणि म्हणता, "दाना लांबुडका हाय. ऊस शिळा आलाय." मग पट्टी दादाच्या हातात देता. तो त्याच हंगामात कामाला लागला होता. मीही हात पुढे केला, तर तुम्ही म्हणालात, "तुजं काय काम हितं? डबा ठिव आन् घरी जाऊन अभ्यास कर." तुमच्या दृष्टीने ती मुलीवरची माया असेल. मी मात्र जिना उतरताना अशी जळले की पुढचं सगळं शिक्षण त्या जळण्यावरच झालं.

शिळ्या उसात एक जंतू वाढतो. तो साखरेपासून चिकट बुळबुळीत पदार्थ करतो आणि त्यानेच तुमच्या साखरेचा दाणा लांबट व्हायचा. हे काम करणाऱ्या त्याच्या एन्झाइमचे स्फटिक मी प्रयोगशाळेत वाढवले. किती वेळा फसले, विचारू नका. शेवटी क्ष-किरणांनी त्याची रचना दिसली. त्यात एक खोबण आहे. साखर म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोजची जोडी. ग्लुकोज खोबणीच्या तळाशी घट्ट बसतं, फ्रुक्टोजला तोंडाशी नेमकी जागा मिळते आणि मधला सांधा तुटतो. दोन ग्लुकोजची जोडी असलेली माल्टोज आली, तर तिचा दुसरा तुकडा तिथे तसा बसत नाही आणि सांधा तुटत नाही. इतक्या सारख्या दिसणाऱ्या दोघी, पण खोबण एकीलाच घेते. ते चित्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला आनंदाच्या आधी तुम्ही आणि दादा आठवलात.

दिवाळीत गावी, बेलापूरच्या घरी, ते चित्र मी दादाला मोबाईलवर दाखवलं. आता तुमच्या जागी पॅनवर तोच असतो. त्याने निवांत पाहिलं आणि म्हणाला, "म्हंजी ह्यो फकस्त साखरच फोडतो, व्हय ना? लई भारी." मी अभिमानाने फुगले. लगेच पुढे म्हणाला, "आबांनी नुसतं काचंवर बघून सांगितलं असतं बघ." तुमचं कौतुक करताना त्याचा चेहरा जो उजळतो, तो मला बघवत नाही. मग नेहमीचंच विचारलं, "ती काच कुठं गेली आसंल गं? लई हुडकली." मी म्हणाले, काय माहीत.

काच माझ्याकडे आहे, आबा. तुम्ही गेलात त्याच दिवशी खुंटीवरच्या तुमच्या सदऱ्याच्या खिशातून मी ती काढून घेतली. माझ्या प्रयोगशाळेतल्या टेबलाच्या खणात असते. यंदा दादाकडून पॅनमधला थोडा पाक मागून आणला, तुमच्यासारखा अंगठ्याने पसरला आणि खिडकीकडे धरला. खूप वेळ बघत राहिले. दाणा लांबट आहे की नेहमीचा, मला ओळखता आलं नाही. दादाला आलं असतं. तरी काच त्याला परत द्यावीशी वाटत नाही. हे पत्र तिच्याच खाली ठेवते आणि खणाला कुलूप लावते.