न विचारलेली नावे

आई, मला कोणतीही गोष्ट क्रमानेच सांगता येते, म्हणून हीही तशीच सांगतो. मी वणीत एका ट्रक-वाहतूकदाराकडे नोकरी करतो. शिक्षण वाणिज्याचे, तरी तिथली संगणकप्रणाली मीच लिहिली. गिऱ्हाईक मालाची नोंद वेबपानावर भरते आणि ती नोंद एका लांब पत्त्यातून आमच्याकडे येते. त्या पत्त्यात प्रश्नचिन्हापुढे जोड्या असतात : एक नाव, त्यासमोर एक मूल्य. माल, वजन, ठिकाण ही तीन नावे माझी प्रणाली विचारत असे आणि उत्तरे मिळाली की थांबत असे. मात्र गिऱ्हाइकाला स्वतःचा रकाना जोडण्याची सोयही मीच ठेवली होती. लोहारा गावच्या एका गिऱ्हाइकाने 'ताडपत्री' असा रकाना जोडून समोर 'हवी' लिहिले. ते नाव मी विचारलेच नव्हते. कापसाच्या गाठी उघड्याच निघाल्या आणि वाटेत भिजल्या.

मालकांनी आवाज चढवला नाही. "गिऱ्हाईक सांगून राह्यलं होतं साहेब, आपलं मशीन बहिरं हाये काय?" एवढेच म्हणाले. संध्याकाळपर्यंत दुरुस्ती झाली नाही तर काम नागपूरच्या पोरांना देईन, हेही त्याच सुरात सांगितले. पन्नाशी उलटलेल्या माणसाला दुसरीकडे कोण ठेवून घेणार? मी 'ताडपत्री' हे चौथे नाव म्हणून टंकले आणि थांबलो. उद्या कोणी पाचवे लिहील.

तेव्हा ढाणकीचे आपले स्वयंपाकघर आठवले. मी लहान आहे, मामा आलेले आहेत, तू शेतात आहेस. बोरे आणलीत का, असे मी विचारतो. ते नाही म्हणतात. गूळ? तोही नाही. मी त्यांची थैली न उघडताच खुंटीला अडकवतो. माहेरचा माणूस काय आणले ते आपल्या तोंडाने सांगत नसतो, आलेली थैली घरच्यांनीच रिकामी करायची असते, हे मला ठाऊक नाही. तिसऱ्या दिवशी वास सुटतो. आतली वाळके सडलेली असतात. तू मारले नाहीस. "तुले जे पाह्यजे तेवढंच इचारलं तू. थैली पालथी कराले काय झालतं?"

आता प्रणाली आधी पत्त्यातली सगळी नावे काढून घेते, मग एकेकाचे मूल्य वाचते. अनोळखी नाव लाल अक्षरांत दाखवते. मालकांनी परीक्षेसाठी 'चहा' असा रकाना जोडून समोर 'दोन' लिहिले. ते पडद्यावर लाल उमटले. मालक हसले, खरोखरच दोन चहा मागवले आणि काम तुमच्याकडेच राहू द्या म्हणाले. मग विचारले, "पन हे सुचलं कसं तुमाले?"

पुस्तकात होते, असे मी सांगितले. तुझे नाव घेतल्यावर गळा दाटून येईल, ही भीती नव्हती. तू गेल्याला इतकी वर्षे झाली की आता तो दाटणार नाही, हे मला ठाऊक होते. आणि तो कोरडा आवाज मला स्वतःच्या कानांनी ऐकायचा नव्हता.