तालमीच्या दारापर्यंत

आबा, मी आता रविवारी सकाळी लोकांना गाव दाखवते. तुम्ही हसणार, ठाऊक आहे मला. "गाव काय दाखवायचं, डोळं हायत की त्यास्नी," असं म्हणाला असता. पण लोक येतात. पुण्या-मुंबईचे येतात, राधानगरीकडचे शिक्षक येतात, आणि ज्यांचा जन्म याच पेठांत गेला असे निवृत्त गृहस्थही टोपी घालून येतात नि मी काही चुकते का यावर डोळा ठेवतात. पेठ वडगावच्या बँकेतली नोकरी संपली आणि घरात बसून भिंतींशी बोलायचा कंटाळा आला, म्हणून हे सुरू केलं. भवानी मंडपातून निघायचं, जुन्या राजवाड्याच्या कमानीखाली थोडं थांबायचं, पापाच्या तिकटीवरून गंगावेशीला यायचं आणि शेवट पंचगंगेच्या घाटावर करायचा. वाटेत दुधाच्या कट्ट्यावर समोर म्हशीची धार काढून फेसाळलेला ग्लास हातात देतात, तेव्हा मुंबईकरांची तोंडं बघण्यासारखी होतात. मी हातात कागद घेत नाही. आवाज तुमच्यावर गेलाय, त्यामुळे माईकही लागत नाही. हे काम मला चांगलं जमतं, हे मी तुमच्यासमोरही लाजून सांगणार नाही.

गाव मात्र मला एकटीला बोलू देत नाही. एका कोपऱ्यावर एक म्हातारबा कट्ट्यावर बसलेले असतात. मी कमानीबद्दल तोंड उघडलं की ते ओरडतात, "ओ पावणं, त्या बाईचं ऐकू नगा. ती कमान माझ्या आज्ज्याच्या हातची हाय." एकदा मी विचारलं, आज्जा गवंडी होता का तुमचा? तर म्हणाले, "न्हाय. पर बांधत हुते तवा हुता की तितं उभा." आता मी तिथं मुद्दाम थांबते आणि त्यांना बोलू देते. लोकांना माझ्यापेक्षा तेच जास्त आवडतात. आणि एवढा इतिहास ऐकून घाटावर पोचल्यावर मंडळी काय विचारतात, तर मिसळ कुठली चांगली.

या सगळ्या वाटेवर एकच जागा अशी होती, जिथं मी दारापर्यंत जायची आणि थांबायची. तुमची तालीम. पुरुष चपला काढून आत जायचे, बायका माझ्याबरोबर पायरीशी उभ्या राहायच्या, आणि आत काय आहे ते मी बाहेरून सांगायची. डाव्या हाताला मुद्गल, समोरच्या कोनाड्यात मारुती, वरच्या झरोक्यातून सकाळचं ऊन कुस्तीच्या हौद्यातल्या लाल मातीवर कसं उतरतं, त्या मातीत ताक, हळद, तेल, लिंबू काय काय मुरवलेलं असतं. पुरुष बाहेर येऊन माना डोलवायचे, अगदी बरोबर सांगितलंत म्हणून. एकदा पुण्याची एक बाई चिडली. "तुम्हाला आत जाता येत नाही, तर हे दाखवता कशाला?" मी म्हटलं, कळसाला नमस्कार बाहेरूनच करतात. लोक हसले. असं वेळेवर उत्तर सुचणं हीही तुमचीच देणगी. पण तिचं म्हणणं मला लागलं होतं, कारण तेच मी लहानपणी तुम्हाला विचारलं होतं.

मी चौथीत असेन. तालमीत माती उकरून नव्यानं मळायचा दिवस आहे आणि तुम्ही लिंबांची पिशवी घरीच विसरलाय. आई मला पिटाळते. मी दारातून हाका मारते, पण आत जोर-बैठकांचा असा दणका चाललाय की कुणाला ऐकूच जात नाही. मग मी उंबऱ्याच्या आत एक पाय टाकते. "पाय मागं घे!" तुम्ही असे ओरडता की सगळी तालीम जागच्या जागी थांबते. माझ्या हातातली पिशवी सुटते, लिंबं गल्लीभर घरंगळत जातात, आणि उघड्या अंगाचे ते आडदांड पैलवान माझ्याकडे बघत राहतात. एवढा अपमान माझा पुढं आयुष्यात कुणी केला नाही. मी रडत घरी आले आणि जेवले नाही.

संध्याकाळी तुम्ही स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसला होता. दोन्ही पायांत थंडाईची कुंडी धरलेली, दांड्यानं बदाम-खसखस घोटणं चाललेलं. ते काम तुम्ही आईलासुद्धा करू दिलं नाहीत कधी. आई म्हणाली, "पोरगी जेवली न्हाय." तुम्ही घोटत राहिलात. मी दारातूनच विचारलं, मला जायचं नाही तर ती तालीम असते कशाला? तुम्ही मान वर न करता म्हणालात, "हितं बस. आत काय हाय, सांगतो." आणि दारापासून सुरुवात केलीत. डावीकडे काय, उजवीकडे काय, कोनाडा किती उंच, ऊन कुठून येतं. मी विचारलं, माती पायाला कशी लागते? "लोण्यागत," म्हणालात. हौदा केवढा? "हत्ती वळंल एवढा." थंडाई झाली, तर पहिला पेला मला दिलात. पैलवानांच्या आधी. चुकलं म्हणायची तुमची रीत नव्हती, पण मला कळलं. मी आज जे करते ते सगळं मी त्या कुंडीशेजारी शिकले.

मागच्या रविवारी काय झालं ते सांगायला हे लिहितेय. तुम्ही गेल्यावर आता वस्ताद आहेत ते म्हणजे तुमचाच पठ्ठ्या, कान सगळ्यात जास्त मोडलेला तो. त्यांची नात कुस्ती खेळते. आधी पेठेत कुजबूज झाली, मग पोरीनं बाहेरगावी मैदान मारलं आणि कुजबुजणारेच हार घेऊन आले. आता तालमीत सकाळी मुलींची वेगळी वेळ आहे. मी दारात उभी राहून नेहमीसारखी सुरू झाले, तर वस्ताद बाकावरून उठले. "ताई, आत चला की. किती दिस दारातनं बोलायचं?" सगळे माझ्याकडे बघत होते. मी चपला काढल्या आणि उंबरा ओलांडला.

सगळं जिथल्या तिथं होतं, आबा. मुद्गल डावीकडे, मारुती समोर, ऊन बरोबर मातीवर. फक्त हौदा लहान होता. आमच्या बँकेतला पैसे भरायच्या रांगेचा हॉल त्याहून मोठा असेल. हत्ती सोडा, म्हैस वळायची मारामार. आणि मी इतकी वर्षं बाहेर उभी राहून छातीठोकपणे हत्ती वळवत होते. मी वस्तादांना हळूच विचारलं, तुम्ही सांगितलं का नाही कधी? ते म्हणाले, "आबा सांगायचं तसंच सांगत हुता तुमी. मग कशाला मोडायचं?"

नात हौद्यात उभी होती, गुडघ्यापर्यंत माती लागलेली. "उतरा की आज्जी, माती मऊ हाय." एरवी मला कुणी आज्जी म्हटलेलं मी ऐकून घेत नाही. मी साडी जराशी उचलली, पाय उचलला, आणि कडेलाच थांबले. मग वाकून चिमूटभर माती कपाळाला लावली आणि मागं सरकले. वस्तादांनी मान हलवली. पाहुण्यांतल्या एकानं बाहेर आल्यावर माझं कौतुक केलं, परंपरेचा मान राखलात म्हणून. मी हो म्हटलं. पुढं घाटावर नेहमीसारखी बोलले, नेहमीसारखं हसवलं, मिसळीचा पत्ताही दिला.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून एवढं लिहिते. मान वगैरे काही राखला नाही मी. पाय उचलला तेव्हा सगळी तालीम गप्प झाली होती आणि मी कान देऊन उभी होते. पाय मातीत पडला आणि तुम्ही ओरडला नाहीत तर, याची मला भीती वाटली.