लाल चौकट

६ जानेवारी
कराडला पोचले. खोली मनासारखी मिळाली. खिडकीतून कृष्णा दिसते, कुठूनसा गुऱ्हाळाचा वास येतो. निवृत्तीनंतर पुन्हा कामावर जायचं म्हणून कडक इस्त्रीची साडी नेसले. काम सोपं. पोलिसांच्या कॅमेऱ्यात गुन्हेगार दिसला की मशीन चेहऱ्याभोवती लाल चौकट काढून नाव लिहितं. मी चेहरा फोटोशी ताडून पाहून 'होय' किंवा 'नाही' दाबायचं. शाळेत आमच्या सिस्टर बेनेडिक्टा हजेरी घेताना प्रत्येकीच्या तोंडाकडे पाहायच्या. मीही तसंच पाहणार.

१४ जानेवारी
दिवसाला तीनशे चौकटी. जयराज हवालदार तिळगूळ देत म्हणाले, बाई, कशाला डोळं फोडताय, मशीन चुकत न्हाई. हल्ली चष्म्याशिवायही जमतं. होय, होय, होय.

१७ जानेवारी
सोनसाखळी चोरल्याबद्दल जयराजनी मल्हारला पकडलं. कवठे महांकाळचा मेंढपाळ. 'होय' माझंच. त्याची आई हरणाबाई ठाण्याच्या पायरीवर बसून आहे. म्हणते, त्या दिवशी पोरगा कडेगावात उसाच्या रानात खतासाठी मेंढरं बसवत होता. माझा पदर धरून म्हणाली, "बाईसाब, दोनशे मेंढरं तोंडावरनं वळखते मी. तुमाला येक माणूस वळखंना व्हय? येकडाव बघा की त्येच्याकडं."
चित्रण पुन्हा उघडणं दोन मिनिटांचं काम. पण सहा वाजले होते. मी म्हटलं, मशीन चुकत नाही.

२० जानेवारी
मल्हार कोठडीतच वारला. छातीत कळ आली म्हणे. आज चित्रण उघडलं. चोराच्या कानाची पाळी तुटलेली. मल्हारचे दोन्ही कान धड.
कुणाला सांगितलं नाही.

२३ जानेवारी
हरणाबाई पायरीवर बसल्या बसल्याच गेली. तिचं घोंगडं तिथंच आहे. कुणी उचलत नाही.

२७ जानेवारी
पडद्यावर समोरचा चहाचा गाडा, तिथं जयराज. भोवती लाल चौकट. खाली नाव — मल्हार. हसूच आलं. 'नाही' दाबलं. पडद्यावर उमटलं 'होय'. त्यांच्याच शिपायांनी त्यांना उचललं. ते ओरडत होते, आरं पप्पू, मी हाय रं, जयराज! पप्पूनं तोंडाकडे पाहिलंच नाही.

२८ जानेवारी
जयराज गेले. कोठडीत. छातीत कळ.

२९ जानेवारी
राजीनामा द्यायला गेले. पडद्यावर मी. माझी साडी, माझा चष्मा. नाव — मल्हार. 'नाही' दाबलं. तीनदा. मग पळाले. दारातून वळून पाहिलं —
माझ्या खुर्चीत ती. घोंगडं पांघरलेली. पडद्याकडे नाही, माझ्या तोंडाकडे पाहत होती. नीट. सावकाश. मेंढरू ओळखावं तशी.
मग तिनं बोट टेकवलं.

घरी
खाली जीप थांबली. जिन्यात बूट. मल्हार, मल्हार — हाका — मी सांगतेय, दार उघडते, एकदा माझ्या तोंडाकडे बघा — पप्पू, एकदाच —
तो म्हणतोय, मशीन चुकत