बुधवारच्या पायची कड

बुधवार, तारीख चौदा
दुपारचे चार

चि. चिमटीस,

अनेक आशीर्वाद. इकडे आम्ही ठीक, तूही ठीक असशील. जिन्याचा मोडका कठडा शेवटी मीच बसवला. घरमालक तीन महिने ‘उद्या बघतो’ म्हणत होता, आणि सुताराच्या दारचा कठडा हलतोय हे लोकांनी तरी किती दिवस बघायचं.

तुझं पत्र सोमवारी आलं. पाकिटावर आईचं नाव आहे आणि उत्तर मी लिहितोय, म्हणून लगेच कपाळाला आठ्या घालू नकोस. आई जरा कामात आहे. तू बुधवारच्या पायची कृती मागितली आहेस, ती आता मलाही येते. हसू नकोस. लग्नानंतर ‘आज जेवायला पाय आहे’ हे पहिल्यांदा ऐकून ज्याने ताटाकडे जपूनच पाहिलं होतं (पाय म्हणजे पिठाच्या झाकणाखाली भाजलेलं सारण, हे मला काय माहीत), तोच मी गेले पाच बुधवार स्वतःच्या हाताने करतोय.

तर ऐक. कामावरून दमून आल्यावरही जमेल असाच हा प्रकार आहे. दोन वाट्या मैदा, एक वाटी फ्रिजमधलं गार बटर, चिमूटभर मीठ. बटर बोटांच्या टोकांनी मैद्यात चोळायचं. रवाळ झालं की चार-पाच चमचे गार पाणी घालायचं आणि गोळा जमला की थांबायचं, मळत बसायचं नाही. मी मळत बसलो तर आईकडून ऐकून घ्यावं लागलं, “तो काय रंधा आहे, सारखा मागेपुढे करताय?” गोळा अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवायचा. तेवढ्यात एक कांदा परतायचा, त्यात मश्रूम, दोन उकडलेले बटाटे, मीठ, मिरपूड, थोडंसं दूध. सारण गार होऊ दे, नाहीतर खालच्या पिठाचा लगदा होतो. मग भांड्यात खाली एक पातळ थर, वर सारण, त्यावर किसलेलं चीज, आणि वरून झाकण. झाकणाला वाफ जायला चार भोकं पाड. मी पहिल्यांदा गिरमिटाने पाडली होती, स्वच्छ धुऊन, पण काट्याने पाडलेली चालतात. ओव्हनमध्ये चाळीस मिनिटांत रंग येतो.

माझी पहिली फजिती मात्र लिहून ठेव. मी झाकण पट्टीने मोजून कापलं. भांडं नऊ इंच, झाकण नऊ इंच, एक सूत इकडेतिकडे नाही. ओव्हनमधून काढतो तर झाकण चहूबाजूंनी आक्रसून मधोमध सारणात रुतलेलं. आई खुर्चीतून म्हणाली, “चाळीस वर्षं गिऱ्हाइकांना सांगताय, ओलं लाकूड वाळताना आक्रसतं. पिठाला सांगायचं राहिलं वाटतं.” तेव्हापासून मी बोटभर जास्त कापतो. तूही तसंच कर.

आई खुर्चीतून का बोलत होती, असं तुझ्या मनात आलंच असेल. स्वयंपाकघरात ती कधी बसलेली तू पाहिली नाहीस. बसली होती, एवढंच.

आता तुझा मुख्य प्रश्न. ‘माझी कड भाजताना उघडते, सारण बाहेर येतं, आई कशी दाबते?’ हे मी तिला मोठ्याने वाचून दाखवलं. त्याखालचं वाक्य वाचायचं नव्हतं, पण तिने कागद माझ्या हातातून घेतला. ‘उत्तर न येता हे चौथं पत्र. आईला अजून राग असेल तर तसं सांगा, मी परत विचारणार नाही.’ तिने कागद टेबलावर ठेवला आणि बराच वेळ मिठाच्या डबीचं झाकण फिरवत राहिली.

तू नोकरीवर निघालीस तो बुधवार मला विसरता येत नाही. ती “जायचंय तर जा” म्हणाली, तू “जातेच” म्हणालीस, आणि मी दोघींच्या मधे काटे-चमचे मांडत राहिलो. पाय तसाच टेबलावर राहिला. नंतर फोनवरही तिसऱ्या मिनिटाला तुमची जुंपायची, म्हणून तूच पत्रांचा नियम केलास. सुरुवातीला तिची उत्तरं जेमतेम चार ओळींची यायची, कारण तेव्हा खरंच राग होता. मग तीही थांबली, आणि तू राग वाढला असं समजलीस. तुझी चूक नाही.

हे पत्र मी दोनदा लिहून फाडलंय. आता सरळ सांगतो.

दीड महिन्यापूर्वी सकाळी चहा गाळताना आईच्या हातातून भांडं पडलं. मी आधी तिच्यावरच खेकसलो, मग तिचा चेहरा पाहिला. शेजारच्या नर्सबाई घरी होत्या म्हणून वेळेवर इस्पितळात पोचलो. पक्षाघाताचा झटका हलका होता, असं डॉक्टर म्हणतात. बोलणं नीट झालंय, काठी घेऊन घरभर फिरते, डोकं तर पहिल्यापेक्षा तिखट झालंय. उजवा हात मात्र अजून पूर्वीसारखा चालत नाही. रोज रबरी चेंडू दाबायचा व्यायाम देतात. पेन धरवत नाही. तुझी ही चारही पत्रं तिने मैद्याच्या डब्यामागे ठेवली आहेत.

तुला कळवायचं नाही, असं तिने माझ्याकडून वचन घेतलं होतं. तुझ्या उमेदवारीचे दोन महिने बाकी आहेत. ती म्हणाली, “जाऊ नको म्हटलं तेव्हा गेली. आता हात दाखवून बोलावलं तर ती लबाडी होईल. मला तसं जिंकायचं नाही.” मला ते पटलं, म्हणून गप्प बसलो. पण तू तिकडे एकटी, आईने टाकलं असं समजून जेवत असशील, हे मला सहन होत नाही. चिमटे, तुम्ही दोघीही माझा जीव आहात. त्या बुधवारी मी कुणाचीच कड घेतली नाही. आज वचन मोडून तुझी घेतोय.

साडेसहा

पकडला गेलो. मी झाकण लाटत होतो, तेवढ्यात टेबलावरचं पत्र तिने पूर्ण वाचलं. “तिखट डोकं कुणाचं?” एवढंच आधी विचारलं. मग डोळे पुसले. मी बोलणी खायच्या तयारीत उभा होतो. ती म्हणाली, “लिहिलंच आहेत तर पोरीने विचारलंय तेही लिहा. कड.”

तर कड अशी. भांड्याच्या काठाला आधी पाण्याचं बोट फिरव, ते तू विसरत असशील. वरचं आणि खालचं पीठ एकत्र धरून अंगठ्याने दाब, अंगठाभर पुढे सरक, पुन्हा दाब. आईची कड नेहमी उजव्या अंगठ्याची असायची, तुला ती ओळखता येते. आज तिने डावा अंगठा लावला. मी मदतीला पुढे झालो तर म्हणाली, “हात मागे घ्या.” मी हात मागे घेऊन उभा राहिलो. पूर्ण फेरीला वीस मिनिटं लागली. कड वाकडी आहे, मी कारखान्यात पास केली नसती. पण आत्ता ओव्हनच्या काचेतून पाहून आलो, कुठेही उघडलेली नाही.

आणखी एक. तुझा बिनमश्रूमचा चतकोर अजून दर बुधवारी होतो. त्यावर पिठाचं पान लावायचीही सक्ती आहे. तू नाहीस म्हणून तो मला खावा लागतो, आणि मला मश्रूम आवडतात हे या घरात कुणाच्या लक्षात नाही.

नोकरी सोडून येऊ नकोस, हे आईचं सांगणं. रजा मिळेल तेव्हा ये, हे माझं.

खालच्या ओळी माझ्या नाहीत. त्यांना अर्धा तास लागलाय, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस.

तुझे,
बाबा

चिमटी, राग नाही.
तुझा चतकोर ठेवलाय. बुधवारी ये, कुठल्याही.
आई