मौंग तिनच्या राहण्याची सोय

मळवली,
गुरुवार, ता. ७ मे १९४२

तीस वर्षं तारेची कळ बडवून ज्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं अजून झोपेतही हलतात (असं अकबरीवहिनीच सांगतात), त्या मेहेरबान गफूरभाई तारमास्तर यांना पार्सलबाबू महिपतीचा सलाम आणि रामराम, दोन्ही. तुमचा दमा कसा आहे? वहिनींचे गुडघे काय म्हणतात? शमीम बाळंतपणाला आली का? इथे मी ठीक आहे, म्हणजे दोन दात कमी झाले आणि बोलणं तेवढंच राहिलं. (वरचं 'तुम्ही' पत्राच्या शिस्तीसाठी. पुढे नेहमीप्रमाणे तू.) हे पत्र पोस्टाने न येता माणसाच्या हाती येतंय. त्या माणसाला आधी ओसरीवर बसव आणि पाणी दे. कामशेतला उतरून तुझ्या आंदर मावळापर्यंत तो भर उन्हात चालत आला असेल. आणि पत्र मोठ्याने वाचू नकोस. त्याला मराठी वाचता येत नाही, पण ऐकलेलं सगळं कळतं.

तू पेन्शन घेऊन गावी गेलास त्याच साली इथल्या गायरानावर विमान चालवायला शिकवणारी शाळा निघाली, हे तुला मागे कळवलंच होतं. शाळेपाशी दोन विमानं, एक पत्र्याची शेड आणि एक झकास छापलेलं माहितीपत्रक. त्या पत्रकात लिहिलं होतं की परदेशच्या विद्यार्थ्यांची राहायची सोय सुशिक्षित कुटुंबात केली जाईल आणि मैदानापर्यंत न्यायला मोटार असेल. ते सुशिक्षित कुटुंब म्हणजे मी. मी शाळेच्या चालकांना म्हटलं, अहो, मी एकटा विधुर, माझं कुटुंब कसं होणार? ते म्हणाले, स्वयंपाकाला बाई ठेवा, म्हणजे झालं. म्हणून भाजे गावाहून झुंबरबाई येऊ लागली आणि माझं कुटुंब झालं. मोटारसुद्धा खरीच होती, खोटं कशाला बोलू. पण लढाईमुळे मिळेल ते पेट्रोल विमानालाच पुरेना, तेव्हा मोटार वडाखाली उभी राहिली ती राहिलीच, आणि गाडीवान कोंडाजीच्या कोंबड्या तिच्या मागच्या गादीवर अंडी घालू लागल्या. मग मोटारीच्या जागी कोंडाजीची बैलगाडी लागली. डोळ्यांवर ते मोठे चष्मे चढवून तीन वैमानिक रोज सकाळी भाताच्या पेंढ्यावर बसून आकाशात जायला निघत, आणि आपल्या भाज्याच्या बायका पाण्याच्या वाटेवर हंडे खाली ठेवून त्यांना बघत.

तिघांत एक झांजिबारचा सलीम, एक सिलोनचा गुणशेखर आणि तिसरा ब्रह्मदेशातला, रंगूनचा, मौंग तिन. पार्सलच्या खोक्यांवर फळ्या टाकून मी एकाच खोलीत तीन खाटा केल्या. (खोक्यांवर 'नाजूक माल, जपून हाताळा' असं इंग्रजीत लिहिलेलं होतं. गुणशेखर ते वाचून पोट धरून हसला आणि पहिल्याच आठवड्यात खाट मोडून खाली पडला.) गुणशेखरला दिवसातून दोनदा आंघोळ लागे, सलीमला चहात लवंग लागे आणि मौंग तिनला काहीच लागत नसे. जो माणूस काहीच मागत नाही त्याची सोय करणं सगळ्यात कठीण, हे मला त्याच्यामुळे कळलं. आंबेमोहोराचा भात वाढला की मान खाली घालून जेवे. बाकी काही आवडतंय की नाही, पत्ता नाही. एकदा झुंबरबाईने स्वतःसाठी सुकटाचं कालवण केलं होतं. त्याचा वास आला आणि हे पोर पाटावरून उठून चुलीपाशी जाऊन बसलं. तिने वाढलं. दोन घास खाल्ले आणि घळाघळा रडायला लागला. मी घाबरलो, म्हटलं तिखट लागलं असेल. झुंबरबाई मला म्हणाली, "तिखाट न्हाई ओ बाबू. पोराला आई आटावली." त्यांच्याकडे म्हणे मासे वाळवून, कुटून रोजच्या जेवणात घालतात. तेव्हापासून दर बुधवारी सुकट. माझ्या घराला जो वास लागला आहे तो आता चुना मारूनही जायचा नाही. शिवाय तो मला आबा म्हणू लागला. मी कधी सांगितलं नव्हतं.

आता परीक्षेच्या सोमवारची गोष्ट ऐक, कारण ती तुला कोणीतरी तिखटमीठ लावून सांगेलच. जानेवारीत परीक्षा ठरली. पुण्याहून सरकारी साहेब सोमवारी सकाळी दहाला मैदानावर हजर होणार. पेट्रोलचे आठ डबे रविवारच्या गाडीने आपल्या स्टेशनात उतरले, आणि मैदान तिथून दोन मैल. मी कोंडाजीला निरोप धाडला. कोंडाजी आला, खाली बसला, तंबाखू मळली आणि म्हणाला, "बाबू, सोमवार हाय. सोमवारी बैल जुपत न्हाई." शाळेच्या चालकांनी परीक्षेची तारीख ठरवताना साहेबाची सवड बघितली, वारा बघितला, विमानाचं इंजिन बघितलं, पण वार कुणी बघितला नाही. मी त्याला नाना परींनी समजावलं. सरकारी काम आहे, महादेव समजून घेईल. त्यावर तो म्हणाला, "म्हादेव घील वो समजून. बैलांना काय सांगू? त्यांना ठावं हाय आज सुट्टी हाय." गाडी मात्र त्याने दिली. पण जू काढून घेतलं. का, तर माणसाच्या मानेवर ठेवलं तरी ते जुंपणंच झालं. मग दांडीला दोर बांधला, आणि झांजिबार, सिलोन व ब्रह्मदेश यांनी मिळून ती गाडी ओढली. मी मागून ढकलत होतो. (म्हणजे हात टेकवून चालत होतो.) कोंडाजी सवयीने पुढे, हातात आसूड, आणि चढ लागला की सवयीनेच "हाऽ माज्या राज्या!" म्हणून ओरडे. सलीमने विचारलं, हे काय म्हणतात? मी म्हटलं, प्रार्थना आहे. आणि सगळ्यांच्या मागून कोंडाजीचे दोन्ही बैल मोकळे, रवंथ करत, आमच्याकडे बघत निवांत चालले होते. साहेब मैदानावर घड्याळ हातात घेऊन उभा होता. त्याने ही वरात बघितली आणि विचारलं, तुमच्या शाळेची वाहतूक नेहमी अशीच असते का? चालक वाकून गाडीचं चाक तपासू लागले. मौंग तिनने घाम पुसला आणि गंभीरपणे उत्तर दिलं, नाही साहेब, फक्त सोमवारी.

त्या दिवशी तो एकटा उडाला. गायरानावर तीन फेऱ्या मारून अगदी अलगद उतरला. पास झाला. त्या संध्याकाळी त्याने आईला चार पानी पत्र लिहिलं. ती रंगूनच्या बाजारात रेशमाचं दुकान चालवते, बाप लहानपणीच गेला, आणि दुकानाच्या जिवावर तिने एकुलत्या एका पोराला आकाशात पाठवलं. तिचं शेवटचं पत्र डिसेंबरच्या सुरुवातीचं. नंतर रंगूनवर बाँब पडले, मार्चात रंगून गेलंच. तरी हा दर रविवारी लिहितोच. पोस्टातले लोक आता पत्र घेत नाहीत, तर लिहून ट्रंकेत ठेवतो. रोज टपालाच्या गाडीला स्टेशनात जाऊन उभा राहतो आणि हात हलवत परत येतो. मी त्याच्यावर दोनदा ओरडलोसुद्धा. सारखं जाऊन उभं राहिलं म्हणून पत्र लवकर येतं का? तो म्हणाला, नाही आबा, पण आलं तर त्याला थांबावं लागू नये.

गेल्या महिन्यात दोन्ही विमानं लष्कराने नेली आणि शाळा मिटली. सलीम मुंबईहून बोटीने गेला, गुणशेखर मद्रासच्या गाडीने. मौंग तिनला जायला जागाच नाही. जिथे जायचं तिथे आता जपानी बसलेत. आणि आमची नंदा मुंबईहून सासरची नऊ माणसं घेऊन इथे राहायला येते आहे. मुंबईवर बाँब पडणार म्हणून निम्मी मुंबई लोणावळ्यात आली आहे, ते तू ऐकलंच असशील. माझ्याकडे दोन खोल्या, त्यात नऊ माणसं आणि एक वैमानिक कसा बसवू? तेव्हा तुझी मागची पडवी रिकामी आहे ती याला दे. पत्र आणणारा हाच. खातो थोडं, बोलतो त्याहून थोडं. लाकडं फोडतो, शेळी धरतो, आणि तुझं ते बंद पडलेलं घड्याळ उघडून दुरुस्तही करील. खरं सांगायचं तर दोन वर्षांनी माझं घर मोकळं होतंय याचा मला आनंदच आहे. आता सुकटाचा वास नाही, कटकट नाही. वहिनींना नमस्कार, शमीमला आशीर्वाद. कळावे, लोभ आहेच, तो असाच राहू दे.

तुझा
महिपती

ता. क. — नंदा येत नाही. तिची माणसं साताऱ्याला गेली. घर रिकामंच आहे. वरची ती ओळ खोडून टाकणार होतो, पण कागद एकच होता.

दुसरा ता. क. — गेल्या शुक्रवारी टपालाच्या गाडीला तो उशिरा पोचला. झुंबरबाईने त्याला पाणी आणायला धाडलं होतं, म्हणून पिशवीतून पत्र मी घेतलं. ते माझ्याच नावाचं होतं, कलकत्त्याहून. त्याच्या आईच्या दुकानाशेजारचे एक गृहस्थ डोंगर तुडवत इकडे पोचलेत, त्यांनी लिहिलंय. बाई डिसेंबरातच गेली. पहिल्याच बाँबच्या दिवशी, बाजारात. पोराला जपून सांगा, असं खाली लिहिलंय. गफूर, परीक्षेत पास झाल्याचं पत्र त्याने लिहिलं तेव्हा ती नव्हती. तेव्हापासूनची सगळी पत्रं त्याने नसलेल्या माणसाला लिहिली.

आज सातवा दिवस. मला सांगता आलेलं नाही. रोज ठरवतो की जेवण झालं की सांगायचं, म्हणून त्याला आग्रह करकरून वाढतो. मग त्याचं जेवण होतं आणि मी उठून गोठ्यात जातो, जिथे माझं एकही जनावर नाही. काल तो झुंबरबाईला विचारत होता की आबा मला इतकं जेवायला का घालतात. मी भित्रा आहे, तुला माहीत आहे. तुझं तसं नाही. तू तीस वर्षं लोकांच्या मरणाच्या तारा उतरवून घेतल्यास, आणि उपाशी माणसाच्या हातात एकही दिली नाहीस. स्टेशनभर माहीत होतं, गफूरबाबूंनी 'जेवलास का' विचारलं की माणूस खालीच बसायचा. माझं पोर, नथू, गेल्याची तार आली त्या दिवशी तू ती कोटाच्या खिशात ठेवून मला तुझ्या डब्यातलं अर्धं जेवू घातलंस. पुढचे तीन दिवस मला घास उतरला नाही. तुझ्याच अन्नावर तग धरला. तेव्हा मी तुझ्यावर चिडलो होतो. आज माफी मागतो.

तिसरा ता. क. — तर राहण्याची सोय वगैरे काही नाही. तू त्याला सांग, एवढंच काम आहे. ते जमलं की मग मी येतो, शनिवारी, आणि त्याला घरी घेऊन जातो. मला तो काही बोलला तरी चालेल. पण आधी त्याला जेवू घाल. वहिनींना म्हणावं, भात मऊ करा. घाई करू नकोस. पोट भरलं की तो झुंबरबाईसारखे ताटाला हात जोडतो. तेवढे हात जोडून होईपर्यंत थांब.