वेलीपासून वीतभर दूर

कारापूर,
१२ मार्च १९८८

प्रिय शांताराम,

पत्र मराठीत आहे म्हणून रागावू नकोस. बोलायला कोंकणी हजार वेळा, पण हातात पेन आलं की मला पेडण्याच्या शाळेतली मराठीच सुचते. तू घर सोडून मडगावला गेलास त्याला दीड वर्ष होऊन गेलं. गणपतीच्या दोन चवथी तुझ्याविना झाल्या. मधल्या काळात कोंकणी राजभाषा झाली, आपलं राज्य झालं, तुझ्या सभांचं सार्थक झालं. तू तेवढा घरी आला नाहीस.

इकडे पोफळीच्या कुळागरात फणसाचा, आंब्याचा पाला पडतो आहे. रोज सकाळी तो ओढून मी पोफळींच्या मुळांवर पसरते. माती थंड राहते, शिंपणं कमी लागतं, हे तुला मी काय सांगणार? मी लग्न होऊन आले तेव्हा तू चौथीत होतास. पाल्याच्या टोपलीत बसून मलाच हुकूम सोडायचास, लबाडा.

तू घरी होतास त्या शेवटच्या वर्षी मात्र मी पाला पसरला नव्हता, रचला होता. माझ्या माहेरी डोंगरउतारावर काजूच्या बुंध्याला गुडघाभर पाला लावतात. तिथली माती कोरडी, वारा मोकळा, काही बिघडत नाही. तेच शहाणपण मी इथल्या ओल्या सावलीत मिरवेलींवर चालवलं, अगदी बुंध्याला चिकटवून. तुझ्या दादांनी कौतुकही केलं. आषाढात वेली काळ्या पडून माना टाकू लागल्या. पाण्याचा चर साफ ठेवायचं काम तुझं आणि तू गेला होतास पणजीच्या सभेला. चर तुंबला म्हणूनच वेली कुजल्या, असं दादांनी ठरवलं. भाषेची काळजी आहे, घरच्या वेलींची नाही, असं चारचौघांत सुनावलं. चर साफ करूनच गेलो होतो, हे तू तीनदा सांगितलंस.

चरातून पाणी खळखळ वाहत होतं, शांताराम. मी पाहिलं होतं. तू घर सोडून गेल्यावर एका बुंध्याचा पाला उपसला, तर आत नुसता चिखल आणि साल बोटाला लागून येत होती. सगळा पाला ओहोळापलीकडे टाकला आणि गप्प बसले. आधी भीती वाटत होती, मग इतक्या उशिरा तोंड उघडायची लाज वाटू लागली.

विहिरीकडची एकच वेल वाचली, कारण तिथवर पोचेपर्यंत पाला संपला होता. काल दादा तिच्या बुंध्याशी पाला रचायला लागले, माझ्याच रीतीने. आता गप्प राहिले असते तर तीही गेली असती. मी त्यांचा हात धरला आणि सगळं सांगून टाकलं. त्यांनी टोपली बाजूला ठेवली. पाला मागे ओढला, घरी येऊन पेज जेवले. संध्याकाळी त्याच वेलीचे फुटवे कापून आणले, तीस पिशव्यांत रोवले आणि पाठमोरेच म्हणाले, "शांतारामाक बरय. वेली तोच लायतलो." वेली तूच लावायच्या, असं तुला लिहायला सांगितलं, म्हणून हे पत्र. माझ्यावर हवा तेवढा राग धर, पण मिरगाच्या पावसाला ये. पाला मी पसरीन, वेलीपासून वीतभर दूर.

तुझीच, चुकलेली वहिनी
प्रभावती